बळवंतरावांची व्यक्तिगत वृद्धी

बळवंतराव खासनीसांनी केंद्र सरकारच्या तेहेतीस वर्षांच्या नोकरीत रजेच्या अर्जावर कायम एकच कारण लिहिलं. 'अर्जंट डोमेस्टिक वर्क.' या तीन शब्दांत त्यांनी पुतण्याची मुंज, स्वतःचं मूळव्याधीचं दुखणं, दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटची रजिस्ट्री आणि एकदा सलग दोन दिवसांची नुसती झोप, एवढं सगळं बसवलं होतं. कुठल्याही साहेबानं 'कसलं वर्क?' म्हणून विचारलं नाही. यंदाच्या सप्टेंबरात मात्र त्यांनी खरं कारण लिहिलं. तेही हिंदीत.

त्याचं असं झालं. त्यांची एकुलती एक मुलगी कादंबरी नोएडात एका मीडिया कंपनीत होती. वडिलांच्या अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाला तिनं त्यांना एक छापील कार्ड दिलं. नोएडात चार दिवस, गुरुवार ते रविवार, 'ग्रुप थेरपी फॉर पर्सनल ग्रोथ'.

"मला काय झालंय?" बळवंतरावांनी विचारलं.

"काहीच झालं नाहीये बाबा, म्हणून तर! हे आजारी लोकांसाठी नसतंच. चांगल्या धडधाकट लोकांसाठी असतं. म्हणजे ते अजून, काय म्हणतात यार मराठीत... खुलतील."

"उमलतील," अलकनंदाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "जाऊन या हो. चार दिवस मलाही जरा उमलता येईल."

किरकोळ रजा ऑगस्टमध्येच संपल्या होत्या, म्हणून अर्जित रजा काढावी लागणार होती. नेमका मंत्रालयात हिंदी पंधरवडा चालू होता. सगळं कामकाज हिंदीत करा, असं परिपत्रक खुद्द बळवंतरावांच्या सहीनं निघालेलं. ते अवर सचिव होते. स्वतःच्या परिपत्रकाचा मान स्वतः राखायचा नाही तर कुणी, या विचारानं त्यांनी शब्दकोश उघडला आणि कार्डावरच्या नावाचं भाषांतर करायला घेतलं. ग्रोथला 'विकास' सुचला होता. पण विकास लिहिलं की कुठल्या योजनेखाली असं विचारतील, म्हणून त्यांनी तो खोडला. पोर्टलवर शेवटी जे गेलं ते असं: 'व्यक्तिगत वृद्धि हेतु समूह चिकित्सा'. वाक्य त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

नोएडातली ती जागा म्हणजे एका बंगल्याचं तळघर होतं. चटया, तक्के आणि भिंतीला टेकलेली नऊ माणसं. निधी नावाची पस्तिशीची बाई मध्ये अनवाणी बसली होती. या बाई आता काहीतरी सांगतील म्हणून बळवंतरावांनी डायरी उघडून तारीख टाकली. बाई काहीच बोलल्या नाहीत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाराव्या मिनिटाला बळवंतरावांनी हात वर केला.

"मॅडम, अजेंडा?"

"आपको क्या लगता है, अजेंडा क्या होना चाहिए?" निधीनं अगदी गोड आवाजात विचारलं.

तेहेतीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. ते इतके गडबडले की त्यांनी डायरी मिटून मांडीखाली ठेवली. पुढे तीन दिवस निधी प्रत्येकाला सारखं एकच विचारत होती: आत्ता, या क्षणी, काय वाटतंय? बळवंतराव दर वेळी म्हणायचे, "ठीक." आणि निधी दर वेळी म्हणायची, "ठीक कोई भावना नहीं है, खासनीस जी." ठीक ही भावना नाही, हे ऐकून त्यांना मनातून फार लागलं. कारण त्यांच्याकडे बहुतेक तेवढी एकच होती.

दुसऱ्या दिवशी अंशुमन नावाचा एक तिशीतला उद्योजक ढसाढसा रडला. वडिलांनी त्याला कधी शाबासकी दिली नव्हती. बळवंतराव ताबडतोब सरकले आणि त्याला पेन्शन योजनेची माहिती देऊ लागले. निधीनं त्यांना थांबवलं. "उसे ठीक मत कीजिए. बस, साथ बैठिए." ते बसले. पाऊण तास बसले. पायाला मुंग्या आल्या तरी बसले. शेवटच्या दिवशी राग बाहेर काढायला प्रत्येकाला एक उशी मिळाली. बळवंतरावांनी आधी ती नुसती थोपटली. मग त्यांना २००९ सालची एक बदली आठवली, आणि उशीची शिवण उसवून कापूस एसीपर्यंत उडाला. घरी येताना त्यांना उगीचच हलकं वाटत होतं. कादंबरीला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "बरं होतं. चहा पातळ होता."

सोमवारी प्रशासन शाखेतून पुष्कर त्यागीचा फोन आला. हा सेक्शन ऑफिसर वयानं आणि हुद्द्यानं लहान, पण नियमांच्या बाबतीत कुणाचाही बाप.

"सर, आपने चिकित्सा लिखा है. चिकित्सा है तो छुट्टी मेडिकल हुई. मेडिकल हुई तो फिटनेस सर्टिफिकेट लगेगा."

"अरे भाई, मी... मैं बीमार नहीं था."

"वो भी डॉक्टर लिख के दे दें, सर."

"अर्ज दुरुस्त करता हूं."

"पोर्टल लॉक हो गया, सर. छुट्टी तो आप भोग चुके."

बळवंतरावांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान गरम झाले होते. दुःख त्यागीचं नव्हतं. दुःख हे होतं, की ही टिपणी अगदी बिनचूक होती. त्यांच्या हाताखाली वीस वर्षं अशाच टिपण्या निघाल्या होत्या आणि त्यांनी प्रत्येकीवर कौतुकानं सही केली होती. शिवाय वीस ऑक्टोबरला पदोन्नती समिती बसणार होती. उपसचिव म्हणून निवृत्त व्हायचं, गावी दारावर तशी पाटी लावायची, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा उरली होती. आणि ज्याच्या नावापुढे एखादा शेरा लोंबकळत असेल, त्याची फाईल समितीपुढे जातच नाही.

म्हणून शुक्रवारी ते सरकारी दवाखान्यात गेले. रांगेत त्यांच्या मागे त्यांच्याच सोसायटीतले सचदेवाजी होते, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि सगळ्या जगाचे हितचिंतक. डॉक्टरांनी अर्जाची प्रत वाचली, चष्मा वर केला.

"वृद्धि... यानी ग्रोथ. कहां है ग्रोथ?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी बळवंतरावांची मान दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली. "यहां तो नहीं है."

"डॉक्टरसाहेब, तशी नहीं. व्यक्तिगत ग्रोथ."

"व्यक्तिगत?" डॉक्टरांनी उठून दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "शरमाइए मत. इस उम्र में हो जाता है."

पुढची दहा मिनिटं बळवंतरावांनी कुणालाही कधीही सांगितली नाहीत. त्यांनी चटया सांगितल्या, उशी सांगितली, भावना सांगितल्या. डॉक्टर जितकं ऐकत गेले तितके गंभीर होत गेले. आजारच नाही तर बरा झाला असं लिहून कसं देऊ, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. शेवटी त्यांनी मध्यम मार्ग काढला. चिठ्ठीवर लिहिलं, 'ग्रोथ?', आणि सोनोग्राफीला पाठवलं. काही नाही निघालं की 'काही नाही' असं लिहिता येईल.

"लाओ जी, पर्ची मैं लगा देता हूं, आप बैठो," म्हणत सचदेवाजींनी ती चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली. आणि वाचली.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या एकशेवीस फ्लॅटना कळलं की खासनीसजींना गाठ झाली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारावर गव्हांकुराच्या रसाची बाटली होती. सातला बी ब्लॉकच्या अरोराजींनी मेरठच्या एका वैद्यांचा पत्ता दिला. ते म्हणे नाडी न बघता नुसत्या आवाजावरून गाठ सांगतात. चौथ्या मजल्यावरची इशिता योगाचे वर्ग घ्यायची. तिनं लिफ्टमध्ये त्यांचा हात धरून सांगितलं, "अंकल, गांठ में हमेशा कोई पुराना गुस्सा होता है. छोड़ दीजिए." बळवंतराव म्हणाले, तो सगळा नोएडात उशीवर सोडून आलोय. तिनं मान अशी हलवली की यांच्या डोक्यापर्यंत पोचलंय बहुतेक. सोसायटीतल्या दुसऱ्या मराठी घरातली मृणाल करंदीकर मऊ भात आणि मेतकूट घेऊन आली, आणि भांडं परत करायची घाई नाही, असं दोनदा सांगून गेली.

"अहो, सांगा ना सगळ्यांना," अलकनंदाबाई वैतागून म्हणाल्या.

त्यांनी सांगून पाहिलं. पण 'मला काही झालेलं नाही' हे आजारी माणूसही असंच म्हणतो, त्यामुळे प्रत्येक खुलाशानंतर लोकांचा त्यांच्याबद्दलचा आदर वाढतच गेला. मुलांनी त्यांच्या खिडकीखाली क्रिकेट खेळणं बंद केलं. आणि बुधवारी सोसायटीच्या समितीनं, सात वर्षं त्यांनी अर्ज करूनही न दिलेली, छपराखालची पार्किंगची जागा त्यांच्या नावे केली. तीन दिवस बळवंतरावांनी तत्त्व म्हणून गाडी उन्हातच ठेवली. चौथ्या दिवशी अलकनंदाबाईंनी चावी घेतली आणि स्वतः खाली जाऊन गाडी आत लावून आल्या.

सोनोग्राफी पुढच्या सोमवारी झाली. तिथली मुलगी पोटावरून यंत्र फिरवत होती आणि मैत्रिणीच्या लग्नाबद्दल कुणाशी तरी बोलत होती. डाव्या बाजूला आल्यावर ती बोलायची थांबली. पुन्हा फिरवलं. पुन्हा थांबली. मग डॉक्टरीण बाईंना बोलावून आणलं.

रिपोर्टात लिहिलं होतं, डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला दोन सेंटिमीटरची एक सावली दिसते आहे. सीटी स्कॅन करावा.

बळवंतराव रिपोर्ट हातात घेऊन मेट्रोत बसले. इतके दिवस ते जगाला ओरडून सांगत होते की गाठ नाही, आणि आता ती होती. गंमत अशी, की आता हे कुणाला सांगायची त्यांना इच्छाच होईना. सोसायटीला तर नवीन काहीच सांगायचं नव्हतं, ती दहा दिवस पुढेच होती. अलकनंदाबाईंना त्यांनी रिपोर्ट दाखवला आणि म्हणाले, "काही विशेष नाही. रुटीन आहे." कादंबरीला तेवढंही सांगितलं नाही.

मंगळवारी सीटी झाला. रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता. बुधवारी सकाळी ऑफिसला निघायच्या आधी बळवंतराव बायकोला बाथरूमच्या दारात घेऊन गेले.

"हे बघ, गीझरचं मेन बटण हे. गरम झालं की आधी हे बंद करायचं, मग ते. आणि आरओचा फिल्टर दर सहा महिन्यांनी. माणसाचा नंबर फ्रिजवर लावलाय."

अलकनंदाबाई म्हणाल्या, "अहो, बारा वर्षं मीच लावते तो गीझर."

"हो, पण आपलं... माहीत असावं."

"काय होतंय तुम्हाला?"

'ठीक' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. तो तिथेच राहिला. ते बाथरूमच्या उंबऱ्याशी, तसेच ऑफिसच्या कपड्यांत, उलट्या घातलेल्या बादलीवर बसले.

"अलका, मला भीती वाटतेय गं," ते म्हणाले. "फार भीती वाटतेय."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. अलकनंदाबाईंनी त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. त्या काही उपदेश करतील, धीर देतील, असं बळवंतरावांना वाटलं. त्या नुसत्या शेजारी ओल्या फरशीवर बसल्या.

"मलाही," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून मी मिक्सर लावून रडतेय. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

"तरीच," बळवंतराव म्हणाले. "तरीच घरात एवढी चटणी झालीय."

आणि मग दोघांनाही हसू आलं, आणि हसताहसता बळवंतरावांना रडू आलं, आणि नऊ दहाची मेट्रो चुकली. त्यांनी कादंबरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन नोएडाहून आली आणि तिघांनी दुपारी चटणी-पोळी खाल्ली.

गुरुवारी तिघंही दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी रिपोर्टाचं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि तिसऱ्यावर जांभई दिली. त्या जांभईइतकी सुंदर गोष्ट बळवंतरावांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

"सिस्ट है. पानी की थैली. सीधी-सादी. कुछ नहीं करना."

"काही... कुछ भी नहीं?"

"अरे भाई, मुझे खुद दो हैं. इस उम्र में नहीं होगी तो कब होगी?"

बळवंतराव बाहेरच्या बाकावर येऊन बसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसावं असंही त्यांना वाटत नव्हतं. रांगेतल्या एका पेन्शनर गृहस्थांनी अलकनंदाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "हौसला रखिए, बहन जी."

"अच्छी खबर है, अंकल!" कादंबरी म्हणाली.

"हां बेटा," ते आजोबा समजुतीनं म्हणाले, "ऐसा ही कहना चाहिए."

डॉक्टरांनी प्रमाणपत्रावर दोन वाक्यं लिहून दिली: 'नो ग्रोथ. फिट फॉर ड्यूटी.' शुक्रवारी सकाळी बळवंतराव ते स्वतः घेऊन त्यागीकडे गेले. त्यागीनं ते दोनदा वाचलं.

"सर, एक छोटी सी बात. छुट्टी आपने वृद्धि के लिए ली थी. डॉक्टर साहब लिखते हैं, वृद्धि नहीं है. तो छुट्टी का प्रयोजन सिद्ध नहीं हुआ."

बळवंतराव खुर्चीवर सावरून बसले. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "त्यागी जी, इस वक्त मुझे बहुत गुस्सा आ रहा है."

शाखेतल्या सगळ्या माना वर झाल्या. त्या इमारतीत लोक ओरडत, फाईली आपटत, तीन पानी निवेदनं लिहीत. पण राग आल्याचं असं तोंडी कळवण्याची पद्धत नव्हती. त्यावर टिपणी कुठल्या नियमाखाली करायची हे त्यागीला सुचेना. त्यानं पाणी मागवलं. मग शिक्का उचलला. मारताना हळूच म्हणाला, "सर, आपको गुस्सा आता है, ये पता नहीं था. हम सोचते थे आप बस साइन करते हैं." फाईल दुपारी समितीकडे रवाना झाली.

घरी येताना फाटकाशी नोटीस लागली होती. सचदेवाजींच्या अक्षरात. 'श्री खासनीस जी के लिए प्रार्थना सभा. रविवार, शाम चार बजे, सामुदायिक भवन.'

सचदेवाजींचा हेतू शंभर टक्के शुद्ध होता. सगळ्यांनी मिळून खासनीसांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करावी. पण दिल्लीत प्रार्थना सभा कुणासाठी ठेवतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. रात्रीपर्यंत अलकनंदाबाईंना सतरा फोन आले. पहिल्या काही जणांना त्यांनी समजावून सांगितलं. पुढे त्या फोन सरळ नवऱ्याच्या हातात द्यायला लागल्या, आणि तो आवाज ऐकून दोघी-तिघी किंचाळल्या. सभा रद्द करावी म्हणून बळवंतराव सचदेवाजींकडे गेले. पण हॉल ठरला होता, हलवाई ठरला होता, आणि सचदेवाजींचा चेहरा इतका पडला की त्यांना पुढे बोलवेना.

रविवारी चारला ते स्वतःच्या प्रार्थना सभेला गेले. साठ-सत्तर माणसं आली होती. अर्धी पांढऱ्या कपड्यांत. समोर टेबलावर त्यांचा फोटो; हार नव्हता, पण उदबत्ती होती. मागच्या रांगेत बसलेले एक अनोळखी वृद्ध त्यांच्याकडे झुकून म्हणाले, "बहुत भले आदमी थे."

"आप जानते थे उन्हें?"

"नहीं जी. सब कह रहे हैं."

"हां," बळवंतराव म्हणाले, "मैं भी आजकल ही जानने लगा हूं."

त्यांनी माईक हातात घेतला तेव्हा हॉलमध्ये एक मोठा श्वास आत गेला. त्यांना शब्दकोशापासून सगळं क्रमानं सांगायचं होतं. मुद्दे कागदावर लिहून आणले होते. समोर त्यांनी पाहिलं. मृणाल पदर डोळ्याला लावून बसलेली, अरोराजी मेरठच्या वैद्यांचं चूर्ण मांडीवर घेऊन. कागद त्यांनी खिशात ठेवला.

"मुझे कुछ नहीं हुआ है," ते म्हणाले. "एक गांठ निकली थी, पानी की निकली. पार्किंग मैं वापस कर रहा हूं. बीच में मैं बहुत डर गया था. आप सब आए, मुझे बहुत अच्छा लगा." आणि ते खाली बसले.

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. तेवढ्यात सचदेवाजी उठले. त्यांनी माईक घेतला, पण तोंडाजवळ धरायला विसरले.

"मुझे भी एक बात कहनी है. सी ब्लॉक के खंभे में गाड़ी किसने मारी, सब पूछते हैं. मैंने मारी. मुझे दिखता नहीं ठीक से. साल हो गया. घर में बताया नहीं."

"मुझे पता है," पुढच्या रांगेतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "बैठ जाओ. कल डॉक्टर के पास चलेंगे."

मग चौथ्या मजल्यावरची इशिता उठली. तिचे योगाचे वर्ग दोन महिन्यांपासून बंद होते आणि ती रोज सकाळी चटई घेऊन बागेत नुसती बसून येत होती. मग बी ब्लॉकमधलं कुणीतरी. मग आणखी कुणी. कुणी मध्ये बोललं नाही, कुणी कुठल्या वैद्याचा पत्ता दिला नाही. हलवायाचा माणूस दोनदा दारात येऊन पूरी ठंडी हो रही है म्हणून सांगून गेला, आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी त्याला हातानंच थोपवलं.

बळवंतराव अलकनंदाबाई आणि कादंबरीच्या मध्ये बसून ऐकत होते. दाराकडून बटाट्याच्या भाजीचा आणि तळणीचा वास येत होता, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना कडकडून भूक लागली होती.